पोस्टरवर न मावलेलं नाव

आधीच सांगते, मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की स्टाफरूममधून उठून जाते. आमचं घर बौद्ध. गंडेदोरे, अंगारे, उतारे असलं काही घेऊन कुणी आलं की बाबा त्याला पाणी पाजून दारातूनच वाटेला लावत. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे... पण गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

गोष्ट २००८ सालची. मी गोंदियातल्या एका कॉलेजात नुकतीच लागले होते. नवरा रायपूरला नोकरीला, म्हणून मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी मिनू गोंदियालगतच्या मुर्रीला बाबांच्या घरी राहत होतो. सालेकसा तालुक्यातल्या औषधी झाडपाल्यावर माझं काम चाललं होतं. जानेवारीत नागपूरच्या एका चर्चासत्रात त्याचं पोस्टर मांडायचं होतं. तीन बाय चार फुटांचं फ्लेक्स, त्यात दोन वर्षांची पायपीट कोंबायची!

मला माहिती देणारी माणसं अकरा होती. त्यातली सातवी इमलाबाई. सत्तरीची गोंड बाई, तोंडाने फटकळ, पण जखमेवर बांधायच्या एका सालीची तिच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. (झाडाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेलच.) आदल्या संध्याकाळी ती झुडपाच्या बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायची. सकाळी सालीला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणायची, "बिरजुलानं देलं." बिरजुला म्हणजे तिची सासू. जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. ही त्या घराची रीत होती, दुसरीकडे कुठे मला दिसली नाही.

"तू बी कोनाले सांगशीन त आधी तिचं नाव घेजो," इमलाबाईने मला बजावलं होतं. "नाव नाही घेतलं त ते आपलं नाव ढुंडत हिंडते."

"आणि तुमचं नाव, मावशी?"

"मी जित्ती आहो ना अजून! मेल्यावर माहं बी घेजो."

मी हसून हो म्हटलं. दिलेला शब्द होता तो, हे नाकारत नाही.

पोस्टरच्या तळाशी आभारात मी तशी ओळ घातलीही होती. पण माझे गाईड सर म्हणाले, माहिती देणाऱ्यांना फक्त क्रमांक द्यायचे, आणि मेलेल्या माणसाचा संदर्भ कुठे असतो का? फ्लेक्सच्या दुकानात त्या एका ओळीमुळे तक्ता कापला जात होता. दुकानदार वैतागून म्हणाला, "मैडम, या तो ये लाइन जाएगी या आपका टेबल. दोनो नही बैठेंगे." मी त्याच्या खांद्यावरून वाकले आणि स्वतःच्या बोटाने डिलीटचं बटण दाबलं. सरांवर किंवा त्याच्यावर ढकलण्यासारखं यात काही नाही.

चर्चासत्राचा हॉल लख्ख होता. सकाळचे अकरा, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, पन्नासेक पोस्टरं, चहाचा घमघमाट. मी चहा घेऊन परतले तर शीर्षकाखाली मातीची एक रेघ दिसली. बोटाएवढी जाड, ओलसर, तांबूस... पेन्सिलीने शब्दाखाली रेघ ओढावी तशी. कुणाचा तरी मळका हात लागला असेल म्हणून मी रुमालाने पुसून टाकली.

मग परीक्षक आले. मी घडाघडा बोलू लागले. मधेच त्यांनी विचारलं, "ही सालीची माहिती मूळ कोणाची?"

"माहितीदार क्रमांक सात," मी म्हणाले.

आणि माझ्या डोळ्यांसमोर फ्लेक्स दबलं. बाहेरून कुणी बोट टेकवावं तसा सारांशाच्या पहिल्या शब्दाखाली खड्डा पडला आणि सरकू लागला. एक शब्द, थांबायचं. पुढचा शब्द, थांबायचं. मागे ओली माती उमटत होती. फ्लेक्सवर नख घासल्याचा करकर आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसं कागदावर बोट फिरवतात ना, तसंच. परीक्षक चष्म्यातून पाहत नाराजीने म्हणाले, "पोस्टर जरा स्वच्छ ठेवायला हवं होतं, मॅडम." म्हणजे माती त्यांनाही दिसली होती! बोट मात्र दिसलं नसावं, कारण ते शांतपणे पुढच्या पोस्टरकडे गेले.

परतीच्या गाडीत मी स्वतःला खूप समजावलं. दगदग झाली, झोप नाही, फ्लेक्सच्या मागून हवा आली असेल. गोंदियाला आल्यावर पोस्टर पुसलं, गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत घातलं, विभागाच्या रजिस्टरात नोंद केली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये.

आठवड्याने अहवालासाठी फोटो काढायला नळी उघडली. पोस्टरवरच्या एकूण एक ओळीखाली माती होती. सारांश, पद्धती, तक्ता, निष्कर्ष, संदर्भ... शेवटच्या संदर्भाखाली रेघ संपली होती आणि तिथे मातीचा छोटासा ढीग साचला होता. बोट तिथे बराच वेळ थांबलेलं असावं. मी एकटी होते, दुपारचे दोन वाजले होते, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, आणि मला दार कुठल्या बाजूला आहे तेच सुधरेना.

वाचायचं संपलं होतं आणि नाव सापडलं नव्हतं. मग ती दुसरीकडे शोधू लागली.

सोमवारी माझ्या हजेरीपटात प्रत्येक मुलाच्या नावाखाली रेघ. बुधवारी मुर्रीच्या घराच्या पाटीवर, बाबांच्या नावाखाली. "पोट्टे लय मातले," म्हणत बाबांनी फडकं घेतलं. आणि शुक्रवारी मिनू शाळेतून आली ती रडतच. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिच्या नावाखाली ओली माती होती, पांढऱ्या शर्टावरही सांडली होती.

"आई, कुणीतरी बोट लावलं," ती म्हणाली. "खूप थंड होतं. मी नको म्हटलं तरी लावत होतं."

मी तिला पोटाशी धरलं आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी ओळखपत्र उन्हात धरून उलटसुलट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाकीचं मी मानत नाही. पण शब्द देऊन तू फिरली काऊन? चाल, उद्याच्या गाडीनं जाऊ."

इमलाबाई अंगणात मोहफुलं वेचायची टोपली विणत होती. मी बोलत असताना तिने वर पाहिलंच नाही.

"तू तिचं नाव खाल्लं," शेवटी ती म्हणाली.

"चुकलं, मावशी. पण त्यांना तर वाचता येत नव्हतं ना?"

"म्हनूनच त बोट फिरवून राहिली! आपलं नाव कसं दिसते ते तिले कोठी मालूम? जेथून पुसलं तेथीच लिही, अन् मोठ्यानं वाचून दाखव." मग ती बाबांकडे वळली. "तुमच्या पोरीले सांगतलंच कायले म्या! आता हे बी रांगेत आली. बिरजुला, मंग मी, मंग हे."

त्याच दुपारी मी कपाट उघडलं, पोस्टर टेबलावर पसरलं आणि तळाशी काळ्या मार्करने लिहिलं: बिरजुला. घाईघाईत 'ज' वेडावाकडा आला. मग नावाखाली स्वतःचं बोट फिरवत मी तीनदा मोठ्याने वाचलं. शेजारी कुणीतरी उभं राहून ऐकतं आहे असं वाटत होतं, ओल्या मातीचा वास येत होता... तिसऱ्या वेळी तो वास गेला. मी पोस्टर पुसलं, गुंडाळलं आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडले. त्यानंतर कुठेही रेघ उमटली नाही.

दहा वर्षं झाली. इमलाबाईकडे मी पुन्हा गेले नाही, भीतीनेच म्हणा. यंदा तपासणी समिती येणार म्हणून विभागातली सगळी जुनी पोस्टरं बाहेर काढली. ते कपाट तेव्हापासून माझ्याच ताब्यात आहे. नळी उघडली. तक्ता फिका पडला होता, मार्कर मात्र कालचा वाटत होता. बिरजुला. आणि त्याच्याखाली, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात: इमला.

मी ते लिहिलेलं नाही. सालेकशाच्या ओळखीच्या शिक्षकांना फोन केला तर कळलं, म्हातारी मागच्या उन्हाळ्यातच वारली.

त्या नावाखाली चार बोटं रिकामी जागा होती आणि जागेखाली ओल्या मातीची एक रेघ. माझं नाव बरोबर मावेल एवढीच.

कुणी खोडी केली म्हणावं तर किल्ली माझ्याकडे. मीच भ्रमात लिहिलं म्हणावं, तर मातीचं काय? उत्तर मला दहा वर्षांपूर्वी सापडलं नाही आणि आजही नाही. एक मात्र पक्कं ठरवलं होतं, पोस्टरवर गेलं ते गेलं, पण ती साल कुठल्या झाडाची हे आता कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर ऐकणारा रांगेत येणार. पण नाही सांगितलं, तर माझ्यामागे माझं नाव घ्यायला कोण उरणार, हेही तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मिनू आता अकरावी सायन्सला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पोस्टर करायचं आहे. गेल्या आठवड्यात चार्टपेपर जमिनीवर पसरून, हातात स्केचपेन घेऊन तिने विचारलं, "आई, तुझी ती जखमेची साल कोणत्या झाडाची होती गं?"

कुकर झाला असेल म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती अजून रोज विचारते आहे.