कुत्र्यामागून सीमोल्लंघन

दसऱ्याच्या दिवशी सगळं मैसूर हत्ती बघायला राजवाड्याकडे निघतं. आमचं घराणं मात्र सकाळीच एका कुत्र्यामागून उलट्या दिशेला, बोगादीच्या पलीकडच्या रानात जायचं. राजवाड्यातून निघालेली मिरवणूक बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडापाशी संपते. आमचीही तशाच एका झाडापाशी संपायची. एवढं साम्य मोठ्या काकांना पुरेसं होतं.

मोठे काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घराण्यात त्यांच्याहून वयाने मोठं कोणी उरलेलं नव्हतं. आमचे पूर्वज मैसूरच्या घोडदळात होते हे खरं. त्यांचा हुद्दा मात्र स्थिर नव्हता. काका कॉलेजात होते तेव्हा पणजोबा साधे स्वार होते, काका नोकरीत कायम झाले तेव्हा ते जमादार झाले, आणि काका निवृत्त होईपर्यंत सरदारपदाला पोचले. मेल्यानंतर इतकी बढती मिळालेला दुसरा सरकारी नोकर मला माहीत नाही.

रिवाज असा की घराण्यातल्या वडील पुरुषाने शिवेपलीकडच्या झाडापर्यंत पायी जायचं, पाठीमागे आम्ही सगळे, आणि सर्वांच्या पुढे एक जनावर. पूर्वी म्हणे घोडा असे. मग ओळखीच्या एका शेतकऱ्याचा बैल आला. शेतं जाऊन तिथे घरांसाठी साइट पडल्या तेव्हा बैलही गेला, आणि मान काकांच्या कुत्र्याकडे आला. तो अस्सल मुधोळ, म्हणजे शिकारी जातीचा, आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि काकांनी ते मानलं होतं. कुत्र्याच्या शेपटीला मात्र हे कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. ती गावठी कुत्र्यासारखी पाठीवर गुंडाळलेली असायची. काकांनी त्याला सेनापतीला शोभेल असं लांबलचक नाव ठेवलं होतं. घरात सगळे त्याला नायी म्हणत. कन्नडमध्ये नायी म्हणजे कुत्रा.

रानात मोर होते आणि नायीला मोरांचं वेड होतं, म्हणून त्याला बांधूनच न्यावं लागे. बांधायचा चामडी पट्टा हा आमच्या शेवटच्या घोड्याचा लगाम असल्याचं काका पाहुण्यांना सांगत. आतल्या बाजूला कानपूरचा छाप होता. तो पाहुण्यांना दिसणार नाही असा पट्टा धरायची कला काकांना साधली होती.

आणि एक नियम होता. शीव ओलांडल्यावर झाडाची पानं हातात येईपर्यंत मागे फिरायचं नाही. जो फिरेल त्याचा मान गेला. पुढच्या वर्षीपासून त्याच्यामागचा पुढे चालणार. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे असं काका म्हणत. खरं तर तो मी शाळेत असताना त्यांनीच काढला होता. त्या वर्षी त्यांचे थोरले चुलतभाऊ पायात काटा मोडल्यामुळे अर्ध्या वाटेवरून परतले, आणि संध्याकाळच्या आत ही परंपरा प्राचीन झाली.

मी सांगतो आहे त्या पावसाळ्यात काका छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडून होते. चाला, पण बेताने, असं डॉक्टरांनी बजावून सोडलं होतं. माझे वडील आता नव्हते, त्यामुळे काकांच्या मागचा क्रमांक धाकट्या काकांचा. हेब्बाळच्या एका कारखान्यात ते मॅनेजर होते आणि प्रत्येक गोष्टीत सुधारणा करायची त्यांना सवय होती.

"दादा, झाडापर्यंत कारने जाऊ या," ते म्हणाले. "नायीला पुढच्या सीटवर बसवू. जनावर पुढेच राहील."

"कार बेड, नको," मोठे काका म्हणाले. "आपण काय पिकनिकला निघालोय?"

मोठ्या काकूने मला दारात थांबवलं. "दोघांवर लक्ष ठेव रे."

"कुठल्या दोघांवर?"

"पट्ट्याच्या दोन्ही टोकांवर."

शिवेच्या दगडाला हळदकुंकू झालं आणि आम्ही रानात शिरलो. लाल मातीची पायवाट, दोन्हीकडे निलगिरी, खाली घाणेरीचं दाट जाळं. पहिला चढ लागला आणि काका थांबले. "अय्यो, बसला बघ," ते कुत्र्याला म्हणाले. "आळशी झालाय." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. "याला प्रत्येक झुडूप हुंगायचं असतं. काय करणार, थांबू या स्वल्प." पाठीमागे सगळे हसत होते. अस्सल मुधोळ, पण बॅटरी डाऊन, असं माझ्या एका चुलतभावाने जाहीर केलं.

तिसऱ्या-चौथ्या वेळी माझं लक्ष पट्ट्याकडे गेलं. कुत्रा दमला असेल तर पट्टा मागे ताणला जायला हवा. तो पुढे ताणलेला होता. नायी जीभ बाहेर काढून झाडाकडे ओढ घेत होता आणि काका दोन्ही हातांनी त्याला मागे खेचून धरत, त्याच्याच आळसाबद्दल त्याला बोलत होते. त्यांच्या मानेवर घाम होता. आयुष्यभर घोडदळाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने शेवटी एका कुत्र्याला नांगरासारखं वापरलं होतं, जहाज धरून ठेवायला.

हे धाकट्या काकांनीही पाहिलं. ते पुढे आले आणि अतिशय आदराने म्हणाले, "दादा, नायी तुम्हाला फार त्रास देतोय. द्या, मी धरतो. मग तुम्ही मोकळे चालाल."

यात नकार द्यायला जागाच नव्हती. कुत्रा नाही म्हणजे थांबायला कारण नाही. मोठ्या काकांनी वर चढाकडे पाहिलं, मग मागे आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि लगाम सोपवला.

"घट्ट धर," ते म्हणाले.

"कुत्राच आहे, दादा."

धाकट्या काकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे पकडीत सुधारणा केली, म्हणजे पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेतले. त्याच वेळी घाणेरीच्या आड एक मोर ओरडला. सकाळपासून आळशी ठरवला गेलेला नायी जो सुटला तो थेट जाळीत, आणि त्याच्या मागून, मनगटाच्या आधाराने, कारखान्याचे मॅनेजर. त्यांचा नवा सिल्कचा झब्बा काट्यांना अडकला. ओढावं तर झब्बा फाटे, न ओढावं तर हात उखडे. आम्ही सगळे त्यांना सोडवायला धावलो. कोणी काटे काढत होतं, कोणी सूचना करत होतं, आणि मोर केव्हाच उडून गेला होता.

त्या गडबडीत कोणीही चढाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, कारण मला काकूने सांगितलं होतं. मोठे काका एकटे चालले होते. एका निलगिरीला हात टेकून उभे राहत, मग पुढच्या. कुणाला दोष द्यावा लागत नसल्यामुळे त्यांना हवं तितकं थांबता येत होतं.

धाकटे काका, झब्बा आणि कुत्रा यांना घेऊन आम्ही वर पोचलो तेव्हा ते झाडाखालच्या दगडावर, दरबार भरवल्यासारखे बसले होते. मांडीवर पानं तयार होती. श्वास बऱ्यापैकी जागेवर आला होता.

"केवढा उशीर," ते म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना पानं दिली. धाकट्या काकांनी वाकून नमस्कार केला, ओरखडलेल्या हातांत सोनं घेतलं आणि नायीकडे बघत विचारलं, "काय रे, तुझी रिटायरमेंट कधी?"

"त्याची जात रिटायर होत नाही," मोठे काका म्हणाले आणि हात पुढे केला. "आण तो इकडे. दमला की मलाच कळतं."

धाकट्या काकांनी लगाम परत दिला. परतीच्या वाटेवर, उतार असूनही, कुत्रा फार दमला.