हवा मोजणारी अक्का

विमलअक्का गाडीला उदबत्ती ओवाळायची. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि अक्का डोळे बारीक करून उदबत्तीचा धूर एकेका रबरी पाइपाजवळून सावकाश फिरवायची. नवीन गिऱ्हाईक ते बघून मुकाट्याने चपला काढायचं आणि हात जोडून उभं राहायचं. अफजलपूरच्या एका ऊसवाल्या पाटलाने तर नारळही आणवला होता.

"हात कामून जोडायलास रं?" अक्का खेकसायची. "पूजा न्हाई ही. गळती बघायले मी. पाइप जिथं चिरलाय तिथं धूर आत वढला जातोय बघ. माझी वंदनेची उदबत्ती घरी, बुद्धापुढं. ही कामाची."

पाटलाने तरी नारळ फोडलाच. अक्काने त्याचं खोबरं दुपारच्या खाण्याबरोबर मिटक्या मारत खाल्लं. चुरमुऱ्याची सुशीला आणि मिरचीभजी हा तिचा जीव की प्राण होता. भज्याचे हात मात्र ती साबणाने दोनदा धुतल्याशिवाय लॅपटॉपला लावत नसे.

मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून तिची पत्र्याची शेड होती. एका बाजूला ट्रॅक्टरवाला, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, आणि मधोमध हिची पाटी: 'जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन सुधारून मिळेल.' येणारे जाणारे हसायचे. अक्का मूळची आमच्या बसवकल्याणची. पॉलिटेक्निक करून पुण्याला गेली, इंजिनं तपासण्याच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढलं आणि एके दिवशी लॅपटॉप आणि दोन पेट्या घेऊन गावाकडे परत आली. विनय नावाची वस्तू तिने पुण्यालाच ठेवली असावी. "बिदरपासून कलबुर्गीपर्यंत माझ्यावाणी कान कुणाला न्हाई," हे ती कुणी न विचारताच सांगायची. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायची, लॅपटॉपशी कन्नडात आणि न सुटणाऱ्या नटबोल्टाशी दखनी उर्दूत. दखनीत बोलायला लागली की बायाबापड्या रस्ता बदलायच्या.

माझं बसवकल्याणला बी-बियाण्याचं दुकान आहे. असल्या धंद्यातल्या माणसाने टेम्पो घ्यावा. मी हैदराबादहून एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आलो. माझी बायको सुरेखा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "दोन माणसं बसत्यात. तिसरं टमाटं बी मावत न्हाई." वर ती गाडी चढावर धापा टाकायची आणि बाजारात बंद पडायची. लोक ढकलायला यायचे ते हसतच यायचे. शेवटी ती मी अक्काच्या शेडमध्ये नेऊन उभी केली.

अक्काने उदबत्ती फिरवली, कान लावला आणि निकाल दिला. "बसू, तुझ्या गाडीत हवा मोजायला झडप हाय. हवा आली की ढकलली जाती. आता म्हातारी झाली ती, सांधे धरलेत. तिच्या जागी तारेचं सेन्सर बसवू. तार तापलेली ऱ्हाती, हवा लागली की निवती. किती निवली त्यावरनं किती हवा गेली ते कळतंय. तू बशीतल्या चहावर फुंकर मारतोस न्हाई का, तसंच."

सेन्सर बसवलं तरी काम निम्मंच होतं. किती हवेला किती पेट्रोल, याचा एक तक्ता गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. त्याला म्हणायचं मॅप. तो नव्या सेन्सरप्रमाणे बदलायला अक्का मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसली आणि मी हुमनाबादच्या रस्त्याला गाडी काढली. "दाब... सोड... आता दाब. आरं दाब म्हणलं ना! इंजिन हाय ते, सासू न्हाई, भितोस कामून?" दुपार उलटेपर्यंत हे चाललं. आणि मग एकाएकी ती गाडी अशी पळाली की मी वेड्यासारखा हसत सुटलो. अक्का हसली नाही. नुसती म्हणाली, "गाडीला अक्कल असती बसू, पण ऐकीव. सेन्सर सांगल ते तिला खरं वाटतंय. म्हणून आधी सांगणारा तपासावा."

हे वाक्य तिने पुढे माझ्या घरातल्या भांडणातही वापरलं, दुकानातल्या भावातही वापरलं. माझे तर कान किटले होते.

पण नुसत्या माझ्या गाडीवर शेड कशी चालणार? जुन्या स्पोर्ट्स कार आमच्या भागात होत्याच किती! त्या दसऱ्याच्या आधी अक्काने मला सरळ सांगितलं, "हैदराबादचे एक डॉक्टर यायलेत पुढच्या रविवारी. त्यांच्या दोस्तमंडळीकडं लई जुन्या गाड्या हाईत. तुझी गाडी बघणार, पसंत पडली तर समद्या माझ्याकडं. न्हाईतर शटर वढायचं आणि पुण्याला परत. भाऊ दोन वर्षं झाली तेच म्हणायलाय." एवढं बोलून ती उगाचच पाना पुसत बसली. अक्काला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे नांगरापासून वजनकाट्यापर्यंत सगळं धुवायचं, पुसायचं आणि पुजायचं. गाडीही धुतली. तिचा एअर फिल्टरही काढून धुतला आणि उन्हात वाळत ठेवला. सुरेखाला त्या गाडीचा कितीही राग असला तरी पूजेत ती दुजाभाव करत नाही. तिने स्टिअरिंगला हार घातला, चाकांना लिंबं ठेवली आणि इंजिनापाशी आली. फिल्टर काढल्यामुळे हवेच्या पाइपाचं चकचकीत तोंड उघडं पडलं होतं. सगळ्यात ठळक तेच दिसलं. तिने चिमूट भरभरून हळदीकुंकू तिथेच वाहिलं. संध्याकाळी मी फिल्टर परत बसवला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आचके द्यायला लागली. शनिवारी अक्काकडे धावलो. ती रविवारच्या तयारीत गडबडलेली होती. तिने लॅपटॉप लावला, आकडे बघितले. "पेट्रोल कमी पडायलंय," म्हणाली आणि मॅपमध्ये पेट्रोल वाढवून टाकलं. गाडी पुन्हा मऊ झाली. त्या दिवशी ना उदबत्ती लावली, ना सेन्सर उघडलं.

रविवारी डॉक्टर आपल्या चार मित्रांना घेऊन आले. "गाडीत काय बघण्यासारखं हाय ते बघू तरी," म्हणून सुरेखाही माझ्या शेजारी बसून आली होती. बसवकल्याणहून हायवेला लागलो, जोरात हाणली आणि मन्नाएखेळ्ळी येईतो गाडीच्या मागून भकाभका काळा धूर निघायला लागला. शेडसमोर पोचलो तेव्हा वीटभट्टीच घेऊन आल्यासारखं दिसत होतं. पंक्चरवाला खोकत उठून आत गेला.

अक्काचा चेहरा उतरला. तिने सगळ्यांसमोर सेन्सर खोलून काढलं आणि उजेडात धरलं. तार जवळपास स्वच्छ होती, पण कडेच्या खोबणीत लालपिवळं काहीतरी चिकटलेलं होतं. तिने बोटावर घेऊन वास घेतला.

"कुंकू?" डॉक्टर म्हणाले. "इंजन में कुंकू कैसा आया, अम्मा?"

सगळे माझ्या बायकोकडे बघायला लागले. तिच्या कपाळावरचं कुंकू, माझ्या गाडीच्या काचेवर उठलेली हळदकुंकवाची बोटं, वाळलेला झेंडू. विचारायचं काही राहिलंच नव्हतं. डॉक्टरांचा एक मित्र हसला, "हौ, भाभी ने पूजा करके गाडी को मार डाला." सुरेखाचे डोळे भरून आले. अक्काने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. दोष पूजेवर गेला असता, तिचा धंदा वाचला असता, आणि कुणी तिला खोटंही म्हणालं नसतं.

"नक्को हसो, डॉक्टरसाब," अक्का म्हणाली आणि पुढचं मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "हळदकुंकू हिचं, चूक माझी. तारेवर थर बसला, तार हवा कमी सांगायली. ते न बघता काल मी मॅपमधी पेट्रोल वाढवलं. आज जोराच्या हवेनं थर झडला, तार खरं बोलाय लागली, आणि माझा मॅप खोटा पडला. पूजा करणारीला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. मी उघडून बघितलं न्हाई."

मग सेन्सर स्वच्छ करून बसवलं, जुना मॅप परत चढवला, उदबत्ती लावून एकेक पाइप तपासला. गाडी पुन्हा पहिल्यासारखी घुमायला लागली. पण डॉक्टरमंडळी तोवर निघून गेली होती. अक्काने एक भजं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. घर आलं तेव्हा सुरेखा म्हणाली, "ही गाडी आता इकायची न्हाई."

दिवाळीच्या आधी एका सकाळी अक्काचा फोन आला. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बसू! डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आलेत! म्हणायलेत, आपली चूक आपल्या तोंडानं सांगणारा मिस्त्री उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितला. सुरेखाला घेऊन ये, सुशीला करायले!" शेड राहिली. नंतर तिथे इतक्या रंगीबेरंगी गाड्या यायला लागल्या की शाळेची पोरं बस सोडून बघत उभी राहायची. पाटीवर अक्काने एक ओळ वाढवली: 'पूजा करण्याआधी हवेच्या पाइपाचे तोंड बांधावे.' दर खंडेनवमीला सकाळी तिचा फोन ठरलेला. मला नव्हे, सुरेखाला. "तोंड बांधलीस का गं?"

गेल्या श्रावणात अक्का गेली. दोन दिवसांचा ताप काय तो झाला. मला अजूनही हायवेवरून जाताना त्या शेडकडे बघवत नाही, आणि न बघता पुढेही जाववत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला फोन वाजला नाही. मी गाडी धुऊन उगाच पायरीवर बसून होतो. सुरेखाने हवेच्या पाइपाच्या तोंडाला स्वच्छ फडकं घट्ट बांधलं आणि मग हळदीकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर फडकं सोडलं, मला फिल्टर बसवायला लावला आणि म्हणाली, "आता चालू करा." इंजिन चालू झालं. तिने देवापुढची जळती उदबत्ती उचलली आणि डोळे बारीक करून एकेका रबरी पाइपाजवळून सावकाश फिरवली. धूर कुठेच आत वळला नाही.

"गळती न्हाई, अक्का," ती म्हणाली आणि उदबत्ती परत देवापुढे खोचली.