गुरुजींची चूळ

"मॅडम, गुरुजीले संध्याकाळपर्यंत सोडून द्या. पूर्णाहुती राहिली आहे आमची!"

इमर्जन्सीच्या दारात मला अडवून हे सांगणारे भाऊसाहेब चांदूर बाजारचे मोठे शेतकरी. घरी नवरात्रातल्या अष्टमीचा होम मांडलेला. आणि ज्यांना सोडायचं, ते गुरुजी आत बेडवर ओणवे बसून श्वास ओढत होते. होमाच्या धुरात दम लागला, तसं भाऊसाहेबांनी त्यांना सोवळ्यातच जीपमध्ये घालून अमरावतीला माझ्याकडे आणलं होतं. गुरुजी दम्याचे, माझे जुने पेशंट. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बराच खाली गेला होता.

"भाऊसाहेब, आधी गुरुजी वाचू द्या. मग तुमच्या पूर्णाहुतीचं बघू."

माझी जीभ जरा तिखटच आहे.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, नेब्युलायझर सुरू केला. म्हणजे मशीनमधून औषधाची वाफ. गुरुजींची बायको कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभी. ती नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. खरं सांगते, मी घाबरले होते. दम्याचा पेशंट थकून गप्प व्हायला लागला की समजायचं, वेळ फार थोडा उरलाय.

दुपार टळली तेव्हा गुरुजी एका दमात एक वाक्य बोलू लागले. मग माझा राग वर आला.

दम्याचे पंप दोन. एक तात्पुरता, दम लागला की ओढायचा. दुसरा रोजचा, बरं वाटत असलं तरी सकाळी आणि रात्री घ्यायचा, श्वासनळ्यांची सूज उतरवणारा. खरा इलाज हा दुसरा, आणि तोच बंद असल्याचं बायकोने मला सांगितलं होतं.

"गुरुजी, रोजचा पंप काहून सोडला?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम."

"मी?"

"पंपानंतर चूळ भरल्याशिवाय राहायचं नाही, हे तुमचंच ना? नवरात्रात माझा दिवसा निर्जळी उपवास. चूळ भरताना थेंब घशाखाली गेला म्हणजे? म्हणून सकाळचा बंद केला."

चुळीचं मी सांगितलं होतं, अगदी दटावून. त्या औषधात थोडं स्टेरॉइड असतं. ते तोंडात राहिलं तर बुरशी येते, जिभेवर पांढरे चट्टे पडतात. पेशंट ऐकत नाहीत, अशी आम्हा डॉक्टरांची कायमची रड. गुरुजींनी ऐकलं होतं की! चूळ नाही, तर पंपही नाही.

"आणि रात्रीचा? रात्री तर पाणी पिता."

"सकाळचा चुकला, मग रात्रीचा एकटा घेऊन काय उपयोग? मी अर्धवट काही करत नाही."

मी कपाळाला हात लावला. "बरं, नवरात्रात दात घासता की नाही?"

"म्हणजे काय! स्नानाच्या आधी, रोज."

"मग चूळ भरता की तसेच बसता?"

कोपऱ्यातून बायको म्हणाली, "चांगली खळखळून भरतात. शेजाऱ्यांना जाग येते."

इतक्यात भाऊसाहेब घरचा फोन ठेवून आत आले. पूर्णाहुती गुरुजींच्या अकोल्याच्या चुलतभावाने येऊन उरकली होती. "झालं बॉ सारं निवांत. तुमी काळजी नका करू."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं कर्म अर्धवट राहिलं."

"पहिल्यांदा नाही, गुरुजी," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा. पहिलं पंपाचं."

त्यांनी मान खाली घातली. त्या घडीला मलाच वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

आता गुरुजींचा सकाळचा पंप दात घासायच्या आधी असतो. पंप, दात, चूळ, स्नान, संध्या. क्रम ठरला आणि विषय मिटला, कारण ठरलेला क्रम हा माणूस मेला तरी मोडणार नाही. पुढच्या नवरात्रात चांदूर बाजारचा होम त्यांनी पुरा केला, तोही धुरापासून दूर बसून. आहुत्या चुलतभावाने टाकल्या. मीही आता नवीन पेशंटला आधी विचारते, उपवास कोणकोणते करता? आमच्या पुस्तकात हा प्रश्न नाही.

भाऊसाहेब मधे भेटले. मी विचारलं, "काय म्हणतात गुरुजी?"

"एकदम ठणठणीत! पाहा मॅडम, त्या साली आमी पूर्णाहुती राहू दिली नाही, म्हणून वाचले ते."

मी वाद घातला नाही. घेऊ द्या श्रेय ज्याला घ्यायचं त्याला. गुरुजींनी सकाळी पंप ओढला की माझं काम झालं.