फाट्यावरच्या फळ्यावर एक ओळ

हॉटेलात रोज बसणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात, ते त्याचं त्यालाही कळत नाही. चहा संपतो, कप उचलला जातो, किस्सा तेवढा टेबलावर राहतो. आमच्याकडे तर ते एका फळ्याभोवती साठले.

वरवट बकालकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा. तिथं सुखदेवचं हॉटेल. पेपर एकच येतो आणि दुपारपर्यंत त्यात भजी बांधली जातात. म्हणून सुखदेवनं बाहेर काळा फळा टांगला. दिवसाची एक बातमी, एकाच ओळीत. बसची वाट पाहणाऱ्यांनी वाचावी. मी चौथी शिकलेला, पण अक्षर टपोरं, म्हणून खडू माझ्याकडे आला. बातमी सांगायची दिनकरनं. तो आमच्यातलाच, टोमॅटो लावतो आणि पेपरला बातम्याही पाठवतो.

गेल्या वर्षी संग्रामपूरहून येणारी संध्याकाळची बस बंद झाली आणि माझ्या नातीचं, रेणुकाचं, कॉलेज अडलं. तेव्हा या फळ्याची खरी परीक्षा झाली. तोवर हेडिंग लिहायला आम्ही चुकत चुकतच शिकलो होतो.

*

सुरुवातीला दिनकर सांगेल ते मी लिहायचो. एकदा लिहिलं, ‘शेतकऱ्यांमध्ये समाधानाचे वातावरण’. फळा भरून गेला. सुखदेव झारा हातात घेऊन बाहेर आला, सावकाश वाचलं आणि दिनकरला म्हणाला, “कोणाले झालं बे समाधान? एकाचं नाव सांग. त्याले चहा फुकट.”

दिनकरनं हॉटेलभर नजर फिरवली. सगळे आपापल्या कपात पाहू लागले. मी फळा पुसला.

*

मग दिनकर म्हणाला, हेडिंगमध्ये प्रश्न टाकला की लोक थांबतात. लिहिलं, ‘कांद्याचे भाव वाढणार का?’

लोक थांबले खरे. थांबले ते थेट हॉटेलात शिरले आणि उत्तर माझ्याकडे मागू लागले. सुखदेवचा चहा खपला, मी मात्र घायकुतीला आलो. शेवटी एक म्हातारी पिशवी खाली ठेवून म्हणाली, “तुले ठाऊक नाही, मले ठाऊक नाही. मंग लेहिलं कायले?”

त्यानंतर आमच्या फळ्यावर प्रश्नचिन्ह आलं नाही.

*

एके दिवशी हात दुखत होता, म्हणून मी एकच शब्द लिहिला, ‘बिबट्या’.

बातमी दूरच्या कुठल्याशा जिल्ह्यातली, बिबट्या पिंजऱ्यात सापडल्याची. पण सातपुडा आमच्या डोळ्यांसमोर! सकाळच्या बसमधून कोणी उतरेना. निंदणाला निघालेल्या बाया अर्ध्या वाटेतून घरी परतल्या, आणि त्या निघाल्या होत्या सुखदेवच्याच शेतात. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “महादेवभाऊ, याच्यापेक्षा खरा बिबट्या परवडला असता.”

तेव्हापासून गावाचं नाव आधी, बिबट्या नंतर.

*

कमलबाईची मुलगी पोलिसात भरती झाली. दिनकरनं सांगितलं, ‘तालुक्याच्या शिरपेचात मानाचा तुरा’. तोवर मी थोडा शहाणा झालो होतो. लिहिलं, ‘कमलबाईची पोरगी पोलीस झाली’.

कमलबाई भाजीची टोपली घेऊन फळ्यासमोरून गेली. थोड्या वेळानं टोपली तशीच भरलेली घेऊन परत आली. पुन्हा गेली. सुखदेवनं विचारलं, आज भाजी विकायची नाही का. ती पदर सावरत म्हणाली, “विकीन ना. आधी लोकायले वाचू तं द्या.”

*

आता रेणुकाचं.

बस बंद झाल्यावर पोरी मिळेल त्या गाडीत दाटीवाटीनं बसून यायच्या, नाहीतर अंधारात चालत. दिनकरनं पेपरला बातम्या पाठवल्या. ‘विद्यार्थिनींची गैरसोय’, ‘ग्रामस्थांमध्ये संताप’, ‘आंदोलनाचा इशारा’. छापून आल्या, भज्यांबरोबर गेल्याही. शेवटी माझ्या मुलानं, विठ्ठलनं, तिला घरी बसवलं. पोरगी भांडली नाही. दप्तर खुंटीला टांगलं आणि मिरच्या तोडायला गेली.

मला ते बघवलं नाही. तिला विचारलं, तुझं नाव लिहू का फळ्यावर? तिनं मान डोलावली.

सकाळी लिहिलं, ‘रेणुका आता कॉलेजात जात नाही’.

विठ्ठल ओलं फडकं घेऊनच आला. “बाबा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर काऊन आणली?”

तेवढ्यात सकाळची बस आली. ती फळ्यासमोरच थांबते. कंडक्टरनं दारातून ओळ वाचली आणि खाली उतरला. “रेणुका कोण?”

विठ्ठलनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “माही पोरगी. हुशार हाये. तुमची सांजची गाडी नाही, म्हणून घरी हाये.” आणि फडकं खांद्यावर टाकलं.

मी ती ओळ पुसलीच नाही. रोज खडूनं पुन्हा गिरवायचो. येणारा प्रत्येक कंडक्टर तेच विचारायचा आणि उत्तर विठ्ठल द्यायचा. शेतातलं काम टाकून तो तिथं उभा असायचा. ड्रायव्हर सांगायचे, डेपोतही आता हाच विषय आहे, साहेबांनाही कोणीतरी विचारलं, रेणुका गेली का कॉलेजात? दिनकरनं फळ्याचा फोटो पेपरला पाठवला. त्यांनी तो छापला, वर स्वतःचं हेडिंग न देता.

मग डेपोतून निरोप आला, सोमवारपासून संध्याकाळची बस सुरू.

सोमवारी सकाळी रेणुका दप्तर घेऊन गेली. संध्याकाळी सगळं गाव फाट्यावर. दिनकर मला ‘लढ्याला यश’ लिहा म्हणत होता, माझ्या हातातला खडू काही हलत नव्हता. विठ्ठल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वळणावर दिवे दिसले. बस आली, थांबली, दार उघडलं आणि आतून कंडक्टरची आरोळी ऐकू आली.

“चला, रेणुकाचा फाटा आला! उतरा.”