नमुन्याचा पत्ता

माणसांची ये-जा असलेल्या ऑफिसात किस्से आपोआप जमतात. आमच्या ऑफिसात माणूस येतच नाही. येतात ते पत्ते! तरी इतके किस्से साठलेत की ऐकायला कुणी सापडलं की मी सुटतेच. सापडत नाही फारसं कुणी, ही गोष्ट वेगळी.

आमचं काम साधं. बँका, विमावाले, सोन्याची दुकानं गिऱ्हाइकांचे पत्ते गठ्ठ्यानं पाठवतात. हुबळीत केशवापुरात एका दुकानाच्या माडीवर बसून मी ते पोस्टातल्या टपाल छाटणीच्या मशीनला वाचता येतील असे करते. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, मोजक्या ओळी, स्वल्पविराम नाही, पिनकोड तळाला. बसूअण्णा ते पाकिटांवर छापतो. मशीन म्हणे पत्ता खालून वर वाचतं. आधी पिनकोड, मग गाव, मग गल्ली. नाव सगळ्यात शेवटी, आणि ते नाही वाचलं तरी त्याचं काही अडत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं होतं.

* * *

अळणावरकडच्या एका शेतकऱ्यानं पत्ता दिला होता, "मारुतीच्या देवळामागं, निळं दार, हाक मारा, कुत्रं चावत नाही."

नियमाप्रमाणे मी देऊळ उडवलं, दार उडवलं, हाकही उडवली. कुत्र्यापाशी आले तर बसूअण्णा मागून ओरडला, "अक्का, तेवढं ठेवा की ओ! मशीनला नको असंल, पोस्टमनला नको काय?"

मला पटलं. पण काय वाट्टेल ते केलं तरी कुत्रं ओळीत बसेना!

* * *

सुभाष रोडवरच्या एका सोनाराची मात्र अट होती, गिऱ्हाइकाला मान द्यायचा म्हणजे पुरता द्यायचा. नावाआधी 'सन्माननीय अखंड सौभाग्यवती' आणि पुढं आणखी दोन-तीन विशेषणं. मी सांगितलं, ओळ लांब होते. ऐकतो कसला! शेवटी सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं. ओळ मानानंच भरली आणि नावं सगळी कापली गेली. दुकानाच्या आमंत्रणाची पाकिटं तशीच गेली, ती घरोघरी नीट पोचलीसुद्धा.

आठवड्यानं सोनाराचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

"अक्का, प्रत्येक घरातनं सासू वेगळी आली, सून वेगळी आली! दोघींनाबी वाटलं, आमंत्रण आपल्यालाच. पुढच्या वेळी पण नाव घालू नका!"

* * *

मालक तरुण आहेत आणि त्यांना एकच छंद, दुबार नावं काढणं. एकच नाव, एकच पत्ता दिसला की एक ओळ उडव! आमच्या भागात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगायचं?

एक दिवस असलेच एक आजोबा काठी टेकत जिना चढून वर आले. नातवाला विम्याचं पत्र मिळालं, यांना नाही. दारातूनच म्हणाले, "तुमच्या मशीनला सांगा, मी आहे अजून!"

मी खुर्ची दिली, चहा मागवला. तक्रार दोन मिनिटांत मिटली. आजोबा मात्र बसूनच राहिले. त्यांना उठावंसं वाटेना आणि खरं सांगते, त्यांनी उठावं असं मलाही वाटेना.

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. गठ्ठा नीट पोचला की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात ऑफिसातल्या कुणाचा तरी पत्ता घालतात. त्याला आम्ही नमुना म्हणतो. हुबळीबाहेर राहणारी मी एकटी, म्हणून नमुना माझा. धारवाडात मळमड्डीला घर आहे. हे गेले, मुलगी हैदराबादला, घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

पण टपाल म्हणाल तर आमदाराला येणार नाही एवढं! ट्रॅक्टरची ऑफर, कानाची मशीन, बाळाच्या वाळ्यांवर सूट, बी.एड.चा प्रवेश. दिवसभर घराला कुलूप असतं, म्हणून पोस्टमन मंजुनाथ सगळं साठवून शनिवारी दुपारी आणायचा. शनिवारी आमचं अर्धा दिवस ऑफिस. चहा घेता घेता एकेक पाकीट फोडून मोठ्यानं वाचायचा.

"अक्का, यंदा ट्रॅक्टर घेऊन टाका! मळमड्डीत पार्किंगचं बघू नंतर!"

आठवड्यात माझ्या दाराची बेल वाजायची ती तेवढीच.

* * *

मग नवं सॉफ्टवेअर आलं. पाकीट कुठं पोचलं ते आता पडद्यावरच दिसतं. मालक खुशीत म्हणाले, "अक्का, नमुना बंद! सुटलात तुम्ही त्या रद्दीतनं!"

बसूअण्णा चाचरत म्हणाला, "राहू दे की एक ओळ. कुणाचं काय जातंय?"

"कशाला, अण्णा? उगीच एक पाकीट वाया."

पत्ते काढायचं काम माझंच. तेव्हा माझा पत्ता मीच काढला. मशीन वाचतं तसा, खालून वर. आधी पिनकोड, मग धारवाड, मग मळमड्डी. नावापाशी जरा हात थांबला, बाकी काही नाही.

पुढच्या शनिवारी सवयीनं दोन कप चहा टाकला आणि दोन्ही मीच प्याले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. ठरवलं, आता एकच कप टाकायचा. ठरवणं सोपं असतं हो, हात ऐकतो कुठं!

* * *

आणि परवाचा शनिवार. चहा उकळत होता आणि बेल वाजली.

दारात मंजुनाथ. पिशवी खांद्याला, हात रिकामे.

"काय आणलंस रे?"

"काय नाही, अक्का."

"मग?"

त्यानं टोपी काढली, दारावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडं बघितलं. पाटीवरची धूळ बाहीनं पुसली आणि म्हणाला, "पत्ता बरोबर हाय का, तेवढं बघायला आलो."

मी म्हटलं, "बरोबर आहे. चपला काढ आणि आत ये."