सरांचं नाव मी यादीत घातलं

लॉकडाऊनमध्ये पुण्याहून अंबाजोगाईला आलो तो परत गेलोच नाही. काम तेच राहिलं, जाहिराती लावण्याचं. मोबाईलवर आपण काही शोधतो तेव्हा सगळ्यात वर येणारी ओळ बरेचदा कुणीतरी विकत घेतलेली असते. कुठल्या शब्दावर कुणाची ओळ दिसावी, हे ठरवायला माझ्यासारखी माणसं बसवलेली असतात. आईला हे मी तीनदा समजावलं. ती शेजारी सांगते, ‘कॉम्प्युटरचं हाय कायतरी, बसूनच असतो.’ त्यात चूक काही नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एजन्सीला एका मोठ्या कोचिंग क्लासचं काम मिळालं. मेडिकल प्रवेशाच्या तयारीची त्यांची नवी शाखा अंबाजोगाईत निघत होती. गाव माझं, म्हणून काम माझ्याकडे आलं. अशा कामाची पहिली पायरी ठरलेली असते. समोरचे क्लास कुठल्या शब्दांवर जाहिरात करतात ते काढायचं, त्यातले चालणारे शब्द उचलायचे, शिवाय समोरच्यांची नावंही शब्द म्हणून विकत घ्यायची. कुणी त्या क्लासचं नाव टाकलं की वर आपली जाहिरात दिसते. मजकुरात त्यांचं नाव लिहायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की सगळं नियमात बसतं. स्टँडवर उतरलेला माणूस एका लॉजचा पत्ता विचारतो आणि रिक्षावाला त्याला भलत्याच लॉजवर सोडतो, तसला प्रकार. फक्त आमच्याकडे त्याचा रिपोर्ट निघतो.

प्रतिस्पर्ध्यांचे शब्द शोधून देणारं सॉफ्टवेअर असतं. लातूरकडच्या क्लासचे शब्द त्यात पानभर आले. आमच्या गावातल्या बहुतेक क्लासपुढे नुसती आडवी रेघ आली, म्हणजे माहिती नाही. इथल्या लोकांनी आजवर जाहिरात केली ती फ्लेक्सवर, आणि सॉफ्टवेअरला फ्लेक्स वाचता येत नाही. मग मीच गावात हिंडून सतरा नावांची यादी केली आणि खाली अठरावं नाव लिहिलं, माझ्या फिजिक्सच्या सरांचं.

सरांची वेबसाइट नाही, फ्लेक्ससुद्धा नाही. भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, पुढच्यात वर्ग आणि मागच्यात घर. कुठल्या तरी विद्यार्थ्याने नकाशावर त्यांच्या नावाचं एक पान करून ठेवलं होतं, तेवढंच. पुण्यातल्या कुणाला ते जन्मात सापडले नसते. मला माहीत होते, कारण दोन वर्षं मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो होतो. गेवराई, उमापूरकडून पोरं त्यांच्याकडे नावावर येतात. एका घरातला थोरला शिकून गेला की धाकटा येतो, मग मामाचा.

आठवडाभर जाहिरात चालवून पाहिली. लोकांनी नेमकं काय टाकून शोधलं ते रिपोर्टमध्ये येतं. सगळ्यात वर सरांचं नाव होतं, हव्या तितक्या प्रकारे लिहिलेलं. त्यातले निम्मे शोध सांगली, कोल्हापूर, बेळगावकडचे होते. पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, ‘हे भाग बंद कर, तिकडून अंबाजोगाईला कोण येणार?’ मी म्हटलं, बंद करू नका. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी गावं तिकडेच असतात, ऊस तोडायला. आईबाप फडात बसून पोराच्या पुढच्या वर्षाची चौकशी करतात. मॅडम खूश झाल्या. खोटं कशाला सांगू, मीही खूश होतो.

मग नोंदींत एक गोष्ट दिसायला लागली. रोज सकाळी सातच्या सुमारास अंबाजोगाईतूनच कुणीतरी सरांचं नाव टाकून आमची जाहिरात उघडत होतं. प्रत्येक क्लिकचे आमचे पैसे जातात, त्यामुळे कुणी मुद्दाम खोडी काढतंय असं मला वाटलं. त्या मोबाईलला अडवायची तयारीही मी केली होती. तेवढ्यात चौकशीचा एक फॉर्म आला. ‘विद्यार्थ्याचे नाव’ या रकान्यात सरांचं पूर्ण नाव होतं. खाली लिहिलं होतं, ‘मी माझे नाव टाकले असता आपला क्लास येतो. कृपया चूक दुरुस्त करावी.’ क्लासच्या ऑफिसातल्या मुलीने नियमाप्रमाणे त्यांना फोनही केला होता. तिचा शेरा होता, ‘प्रवेशात रस नाही.’

रविवारी सरांकडे गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला.

‘तू त्यातलाच हायेस ना? बघ बरं. माझं नाव टाकलं की हेच येतंय. रोज दाबून बघतो, आज तरी दुरुस्त झालं का.’

मी सगळं सांगितलं. शब्द कसा विकत घेतात, बोली कशी लागते. मध्ये थांबवून त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग तिसरा विचारला.

‘पण माझं नाव त्यांना कुणी सांगितलं? मी तर कुठंच न्हाई.’

‘मी, सर.’

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. पुढच्या खोलीत पोरं उदाहरण सोडवत होती.

‘लई अभ्यास केलास म्हणायचा,’ ते म्हणाले.

मी घाईघाईने सांगायला लागलो, तुमचीही जाहिरात लावून देतो, एक रुपया घेत नाही, त्या क्लासचं नाव टाकलं की तुमची ओळ वर येईल. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

‘त्यांच्याकडं निघालेलं लेकरू मी मधीच काहून अडवू?’ ते म्हणाले. ‘जा आता. पोरं बसलीत.’

त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच उतरलो. लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

त्याच दिवशी मी तो शब्द काढून टाकला. आठवड्यात चौकशा निम्म्यावर आल्या. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, समजू शकते. आणि ते काम पुण्यातल्या एका मुलीकडे दिलं. तिने माझी जुनी फाईल उघडली. अठराव्या नावापुढे माझाच शेरा होता, ‘सर्वात चालणारा शब्द. ऊसपट्ट्यातही चालू ठेवावा.’ तिने तो पुन्हा चालू केला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुढच्या जूनमध्ये सरांचा वर्ग भरला नाही. वय झालं होतं, असं गावात म्हणतात, आणि मी कुणाला दुरुस्त करत नाही. परवा सहज त्यांचं नाव टाकून पाहिलं. त्यांच्या पानावर ‘कायमचे बंद’ असं लिहून आलंय. ते दिसायला मला खाली सरकावं लागलं. वर जाहिरात होती.