ब्रिनमोरची उजवी बाजू

किनाऱ्यावरच्या फिशगार्ड गावाभोवतीच्या पाणंदींत समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी उचलायची, हा तिथला रामराम. हात हलवायचा नाही, हसायचं नाही, नुसती तर्जनी. पण ती उचलली नाही तर दोन दिवसांत तीन गावांना कळतं आणि तुमचं काय बिनसलंय याची पाच कारणं दुकानात तयार असतात.

बसवाल्या ब्रिनने, म्हणजे ब्रिनमोर मथायसने, एकेचाळीस वर्षांत हा रामराम कुणाचा चुकवला नव्हता. त्याने शाळेची पोरं नेली, लग्नाची वऱ्हाडं नेली, चॅपलची गाणारी मंडळी नेली, मॅच हरून आलेले आणि गाडीत ओकणारे बाप्येही नेले. गेली नऊ वर्षं उन्हाळ्यात खाडीबाहेर मोठी जहाजं नांगर टाकत. त्यांच्यावरचे पाहुणे लाँचमधून धक्क्यावर उतरत आणि त्यांना चार तासांत आपला मुलूख दाखवून परत पोचवायचं कामही त्याच्याकडेच होतं. एकोणतीस सीटांची बस आणि दगडामातीच्या उंच बांधांमधून जाणारे रस्ते, बसच्या दोन्ही अंगांना वीतभर जागा. बाहेरगावचा ड्रायव्हर तिथे घामाघूम होई. ब्रिनमोर शीळ घालत जाई.

या हिवाळ्यात मात्र त्याची तर्जनी चुकायला लागली.

आधी टपालवाली रुसली. मग इथेल बोवेन, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, भर दुकानात म्हणाला, "काय रे, साहेब झालास की काय? काल तुझ्या नाकासमोरून ट्रॅक्टर नेला, ढुंकून बघितलं नाहीस."

ब्रिनमोरला ट्रॅक्टर आठवतच नव्हता. ट्रॅक्टर काही उंदीर नाही, दिसू नये असा.

तेव्हापासून त्याने उपाय काढला. उजवीकडे काहीही असल्यासारखं वाटलं की तर्जनी वर. दुधाच्या टँकरला वर, उभ्या रिकाम्या गाडीला वर, बांधातल्या लाल टपालपेटीलाही वर. पंधरा दिवसांनी इथेल पुन्हा भेटला. "माझ्या बैलाला रामराम केलास म्हणे! तो विचारत होता, हे गृहस्थ कोण, कुठली ओळख?" दुकान हसलं. ब्रिनमोरही हसला, आणि घरी जाऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिला.

खरं काय ते त्याला जानेवारीत कळलं होतं. डाव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून त्याने तो हाताने झाकला, तर समोरचं दार नाहीसं झालं. उजव्या डोळ्याला मधोमध नळीतून दिसावं एवढाच धुरकट तुकडा उरला होता आणि भोवती काहीच नव्हतं. काळोखसुद्धा नाही. त्याने हात काढला, दार आलं. पुन्हा झाकला, दार गेलं.

त्याच्या बापाचंही असंच झालं होतं. काचबिंदू. साठीनंतर बाप स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तो अकरा वर्षांनी उचलूनच न्यावा लागला. रस्त्यावर गाडी वाजली की विचारायचा, "कोण गेलं रे?" ती खुर्ची अजून तिथेच होती. ब्रिनमोर तिच्यावर कधी बसत नसे. डॉक्टरकडे गेलं की लायसन्स जाणार, लायसन्स गेलं की ती खुर्ची, एवढाच त्याचा हिशेब. वयाच्या पासष्टीला लायसन्ससाठी डोळे तपासणारच होते, आणि पासष्टी ऑक्टोबरात होती. तेवढा एक उन्हाळा निघाला की झालं, असं तो स्वतःला सांगे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. भीतीपुढे शहाणपण टिकलं नाही, एवढंच.

जूनमधलं पहिलं जहाज गुरुवारी यायचं होतं. त्याची आखणी करायला लोवरी आली. पाहुण्यांचं सगळं तीच बघे. लहानपणी ती ब्रिनमोरच्याच बसने शाळेत गेलेली, त्यामुळे त्याला अहोजाहो करूनही दटावायची तिला सवय होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने नकाशा पसरला. पलीकडे नेस्टा, ब्रिनमोरची बायको, पाहुण्यांच्या चॅपलमधल्या चहासाठी मनुका घातलेल्या पिठाच्या गोड टिकल्या तव्यावर भाजत होती.

"साडेनऊला पहिली लाँच," लोवरी म्हणाली. "दोनला शेवटची. ती चुकली तर माणसं आपल्या गळ्यात. धक्क्यावरून उजवीकडे वळून आधी दीपगृह, मग चॅपल, मग लोकरीची गिरणी."

"आधी गिरणी," ब्रिनमोर म्हणाला. "डावीकडून. गिरणी, चॅपल, शेवटी दीपगृह."

"का पण? उगाच दोन मैल वाढतात."

"समुद्र चांगला दिसतो तिकडून."

"समुद्र काय, कुठूनही ओलाच दिसतो, ब्रिन!"

नेस्टा हसली. ब्रिनमोर हसला नाही. त्याने पेन्सिल घेतली आणि मार्ग काढून दाखवला. जिथे जिथे उजवं वळण येत होतं, तिथे तिथे तो वळसा घेऊन डावीकडून आला होता. लोवरीने मान तिरकी करून ते वेटोळं पाहिलं. "बरं बाबा, चालवणार तुम्ही. पण उद्या घड्याळ लावून एक फेरी मारायची. मला वाऱ्याची धास्ती आहे. ईशान्येचा सुटला तर लाँच बंद, आणि जहाज पुढे निघून जाईल."

तिला वाऱ्याची धास्ती होती. ब्रिनमोरला त्या एकोणतीस माणसांची. रात्रभर ती माणसं स्वप्नात त्याच्या पाठीशी रांगेने बसली होती, टोप्या घालून, गळ्यात कॅमेरे अडकवून, आणि एकजण सारखा विचारत होता, समोरून काय येतंय?

बुधवारी सकाळी दोघं रिकामी बस घेऊन निघाले. लोवरी पुढच्या डाव्या सीटवर कागद मांडीवर घेऊन बसली. चॅपलच्या फाटकाशी नेस्टा टिकल्यांचा डबा घेऊन उभी राहणार होती. चव बघून किती करायच्या ते लोवरी सांगणार होती.

गिरणीपर्यंत सगळं छान झालं. ब्रिनमोर मान सारखी उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने बघत होता. मान दुखायला लागली होती. टँकर आला, त्याने तर्जनी उचलली, टँकरवाल्यानेही उचलली. जमतंय, असं त्याला वाटलं. चॅपलच्या आधीच्या वळणावर डावीकडचा बांध रस्त्यात घुसतो. तिथे त्याने नजर डावीकडे ठेवली.

उजवीकडे टक् असा आवाज झाला.

"काय हो ते?" लोवरीने कागदातून डोकं वर केलं.

"फांदी असेल."

आरशात बघावं असं त्याला वाटलं, आणि त्याने बघितलं नाही. फांदीच, असं तो मनात म्हणत राहिला. जूनमध्ये बांध किती वाढतात.

"नेस्टा यायची होती ना?" फाटक मागे पडल्यावर लोवरी म्हणाली.

"विसरली असेल. आजकाल विसरते."

हे खोटं बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. सबंध फेरी तीन तास पन्नास मिनिटांत झाली. लोवरीने धक्क्यावर टाळी वाजवली. "तुमच्यासारखा दुसरा नाही!" ती म्हणाली. ब्रिनमोरला एकदम घरी जावंसं वाटलं.

नेस्टा स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर डबा होता, एका अंगाने चेपलेला. झाकण वेगळं पडलं होतं. शेजारी ताटलीत टिकल्या होत्या, मातीने भरलेल्या. तिच्या उजव्या बाहीची शिवण खांद्यापर्यंत उसवली होती.

ब्रिनमोर दारातच थांबला.

"लागलं का?"

"नाही. वळणापर्यंत पुढे आले होते, बसच्या आरशाने डबा उडवला. मी बांधाला चिकटले." ती शांतपणे बोलत होती. "आधी वाटलं, थांबशील. मग वाटलं, बोट तरी उचलशील. मी समोर उभी, आणि तू तसाच गेलास रे."

"नेस्टा, ऊन होतं समोर..."

"ऊन पाठीमागे होतं. ये, बस."

टेबलाशी एकच खुर्ची रिकामी होती, खिडकीजवळची. तो त्या खुर्चीत बसला. नेस्टाने आपलं स्टूल त्याच्या उजवीकडे ओढलं.

"समोर घड्याळाकडे बघ. मान हलवायची नाही. मी बोट उचलते, दिसलं की सांग."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी होते. बाहेरून एक गाडी गेली. कोण गेलं, हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं. काटा पुढे सरकला.

"उचल की," तो म्हणाला.

"उचललंय."

"केव्हा?"

"तू बसलास तेव्हाच."

त्याने हळूहळू मान वळवली. त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला वीतभर अंतरावर तिचं बोट होतं, पिठाच्या वासाचं. नेस्टा रडत होती. आवाज न करता हे किती वेळ चाललं होतं, तेही त्याला कळलं नव्हतं.

तो उठला आणि त्याने लोवरीला फोन लावला.

"ब्रिन! अहो, तुम्हालाच करणार होते," ती खुशीत होती. "वारा पडला! उद्या जहाज नक्की येतंय."

"येऊ दे," ब्रिनमोर म्हणाला. "बसवर दुसरा माणूस बघ. हवं तर मी शेजारी बसून वळणं सांगेन, पण चालवणार नाही."

"म्हणजे? काय झालं एकाएकी? सकाळी तर..."

"लोवरी," तो म्हणाला, "सकाळी जे वाजलं ना, ती फांदी नव्हती."